गोठा आणि प्रयोगशाळा

कोणत्याहि विद्येचा इतिहास लिहूं लागलें म्हणजे प्रथम तिची वंशावळ शोधावी लागते. आणि ती शोधतांना पुष्कळदां असें आढळतें कीं, आज जी विद्या मोठ्या मानानें मिरवते तिचें माहेर अगदीं साध्या घरचें असतें. रसायनशास्त्राचें माहेर किमयागाराच्या भट्टीपाशीं आणि भूमितीचें शेताच्या बांधावर, हें आतां सर्वांस ठाऊक झालें आहे. परंतु ज्या विद्येच्या बळावर अपत्यहीन दांपत्यांच्या घरीं आज पाळणा हलूं लागला आहे, तिचें माहेर गाईगुरांच्या गोठ्यांत आहे, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत येते. ज्यांच्या ध्यानांत येते तेहि ती बोलून दाखविण्यास संकोचतात. हा संकोच अस्थानीं आहे, आणि या विद्येंत आयुष्य घालवूं पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनीं तरी तो टाकून दिला पाहिजे, असें आम्हांस वाटतें. त्यासाठींच हा लेखनप्रपंच.

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यांत हिंगणी म्हणून एक गांव आहे. कापसाच्या पेठेमुळें नांवारूपास आलेलें हिंगणघाट तें निराळें. बोर धरणाची वाट या हिंगणीवरून जाते. पुढें सागवानाचें रान लागतें, आणि त्यांतच १९७० सालीं घोषित झालेलें व २०१४ सालीं व्याघ्रप्रकल्पाच्या पदवीस चढलेलें बोर अभयारण्य आहे. अशा गांवांतील एखाद्या मुलाचा किंवा मुलीचा ओढा जीवशास्त्राकडे असला, तर बारावीच्या परीक्षेनंतर दोन वाटा पुढें दिसतात. एक वाट नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाकडे जाते. हें महाविद्यालय १९५८ पासून चालू आहे. दुसरी वाट जिल्ह्यांतल्या जिल्ह्यांतच सेवाग्रामच्या किंवा सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालयाकडे जाते. त्यांपैकीं पहिलें १९६९ सालीं निघालें व दुसरें १९९० सालीं. सावंगीस तर मानवी भ्रूणशास्त्र हा विषय घेऊन पुढील अभ्यास करणारे विद्यार्थीहि आहेत. म्हणजे ज्या कामासाठीं एका पिढीपूर्वीं मुंबई गांठावी लागे, तें काम शिकण्याची सोय आज बैलगाडीच्या वाटेवर येऊन बसली आहे.

दोन्ही वाटांच्या तोंडाशीं प्रवेशपरीक्षा एकच असते. परंतु तिचे गुण हातीं आले कीं घराघरांतून निवाडा होतो तो ठरलेला. गुण अधिक पडले तर माणसांचा डॉक्टर, थोडे कमी पडले तर ‘ढोरांचा डॉक्टर’! या दोन शब्दप्रयोगांत जो चढउतार आहे, त्यास सामाजिक कारणें पुष्कळ असतील. पण निदान प्रजननाच्या शास्त्रापुरता तरी इतिहासाचा त्यास मुळींच आधार नाहीं. येथें धाकटी बहीण शहरांत नांदते, म्हणून तिला मान अधिक, एवढेंच. थोरली अजून गोठ्यांतच आहे.

प्रथम आपल्या भागांतील गोठ्याकडेच पाहूं. वर्धा जिल्हा १८६२ सालीं नागपुरापासून वेगळा काढण्यांत आला, पण त्याच्या कितीतरी पूर्वींपासून या प्रदेशाची एक स्वतःची गोजात आहे. तिला गवळाऊ म्हणतात. आर्वी, कारंजा, आष्टी हा टापू तिचें घर. कारंजा तालुक्यांतील हेटीकुंडी येथें या जातीच्या जोपासनेसाठीं सरकारी क्षेत्र आहे. पांढरा किंवा राखी रंग, सडपातळ बांधा, चपळ पाय, ही तिची ओळख. मराठ्यांच्या फौजांबरोबर डोंगरवाटांनीं वेगानें सामान वाहून नेण्यासाठीं हे बैल उपयोगीं पडत, अशी या जातीची ख्याति सांगतात. दुधास मात्र ही गाय बेताचीच. आतां ही जात कांहीं आपोआप घडली नाहीं. कोणत्या गाईस कोणता वळू दाखवावयाचा, कोणता गोऱ्हा ठेवावयाचा आणि कोणता बडवून औताला जुंपावयाचा, याचा निर्णय गवळ्यांच्या पिढ्यान् पिढ्या करीत आल्या. देवाच्या नांवानें सोडलेला पोळहि गांवकरी अंगापिंडानें चांगला पाहूनच सोडीत. त्यांच्यापाशीं वही नव्हती, परंतु निवड होती. आणि निवड हा या सबंध शास्त्राचा पाया होय. पोळ्याच्या सणाला बैलांची रांग लागते, आणि दुसऱ्या दिवशीं आमच्या भागांत पोरें लांकडी बैल घेऊन तान्हा पोळा साजरा करतात. शेजारच्या सिंदीचा तान्हा पोळा तर प्रसिद्धच आहे. त्यांत बैलाविषयींचा कृतज्ञभाव जितका आहे, तितकीच चांगल्या जातीची पारखहि आहे.

कोणी म्हणेल कीं आपल्या पुराणांत याहून पुढच्या गोष्टी आहेत. गांधारीच्या मांसगोळ्याचे शंभर भाग तुपाच्या कुंभांत ठेवून व्यासांनीं कौरव वाढविले, द्रोण तर कलशांतून जन्मला. या कथा आम्हांसहि प्रिय आहेत. परंतु त्यांतून सिद्ध होतें तें एवढेंच कीं, अपत्याची तळमळ फार जुनी आहे आणि मनुष्याची कल्पना त्या तळमळीच्या मागें मागें धांवत आली आहे. कृति सांगितलेली नाहीं, पुन्हां करून पाहतां येत नाहीं, अशी गोष्ट शास्त्राच्या इतिहासांत जमेस धरतां येत नाहीं. तळमळ आणि शास्त्र यांच्यामध्यें जें अंतर आहे, तें कापण्यास मनुष्यजातीस बराच काळ लागला.

तो प्रवास पाश्चात्य देशांत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत सुरू झाला. इटलींतील स्पालांझानी या धर्मोपदेशकानें १७८० सालीं नराच्या संगावांचून केवळ पिचकारीच्या साह्यानें एका कुत्रीस गाभण केलें, आणि बासष्ट दिवसांनीं तिला तीन पिलें झालीं. त्याच शतकाच्या अखेरीस लंडनमध्यें जॉन हंटर या शस्त्रवैद्याच्या सल्ल्यानें एका मानवी दांपत्यासहि याच उपायानें मूल झाल्याची नोंद आहे. पुढें १८९० सालीं वॉल्टर हीप या इंग्रज संशोधकानें अंगोरा जातीच्या सशिणीचे दोन भ्रूण काढून बेल्जियन जातीच्या सशिणीच्या पोटांत ठेवले. तिला सहा पिलें झालीं. चार तिच्या स्वतःच्या जातीचीं, दोन शुद्ध अंगोरा. पोटांत वाढविणारी आई कोणतीहि असो, जात भ्रूणाची तीच राहते, हें त्या दिवशीं प्रथम डोळ्यांनीं दिसलें. दुसऱ्याच्या उदरांत मूल वाढविण्याच्या ज्या प्रश्नावर आज न्यायालयांत वाद होतात, त्याचा शास्त्रीय पाया एका सशिणीनें घातला आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं रशियांत इव्हानोव्ह यांनीं घोड्यांवर व गुरांवर कृत्रिम रेतनाचे मोठ्या प्रमाणावर प्रयोग केले. १९३६ सालीं डेन्मार्कमध्यें शेतकऱ्यांनीं सहकारी मंडळी स्थापून एका उत्तम वळूचा लाभ शेंकडों गाईंस मिळवून दिला. अडचण राहिली ती एकच: रेत टिकत नसे. ती अडचण १९४९ सालीं दूर झाली, आणि तीहि एका चुकीमुळें. इंग्लंडांत पोल्ज, स्मिथ व पार्क्स हे तिघे कोंबड्याचें रेत गोठविण्याच्या खटपटींत होते. फळसाखरेचें म्हणून घेतलेल्या एका द्रावणानें अकस्मात् उत्तम गुण दिला. शोध करतां कळलें कीं, बाटलीवरील चिठ्ठी चुकीची असून आंत ग्लिसरीन होतें. ग्लिसरीनमुळें पेशींतील पाण्याचे धारदार स्फटिक होत नाहींत आणि शुक्रजंतु गोठूनहि जिवंत राहतात. कोंबड्यानंतर वळूचें, आणि अवघ्या चार वर्षांत, १९५३ सालीं, गोठविलेल्या मानवी रेतापासून गर्भधारणा झाल्याचें अमेरिकेंतून प्रसिद्ध झालें. कोंबडा, वळू आणि मनुष्य असा हा क्रम आहे. तो विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १९२७ च्या जून महिन्यांत बंगलोरच्या सरकारी दुग्धशाळेंत एक सत्तावन्न वर्षांचे विद्यार्थी गोपालनाचे धडे घेण्यास येत असत. आपला व्यवसाय म्हणून त्यांनीं ‘शेतकरी’ असें लिहिलें होतें. हे विद्यार्थी म्हणजे महात्मा गांधी. गोरक्षण म्हणजे केवळ कसायाच्या हातून गाय सोडविणें नव्हे, तर तिची पैदास सुधारणें, चांगला वळू सांभाळणें, हिशेबानें दूध वाढविणें होय, हें त्यांचें मत होतें. वर्ध्यास आल्यावर तें मत येथें रुजलें. १९४१ सालीं जमनालाल बजाज यांनीं गोसेवा संघाचें काम अंगावर घेतलें, गोपुरींत झोंपडी बांधून ते राहूं लागले, आणि १९४२ च्या फेब्रुवारींत त्याच कामांत असतां त्यांचें देहावसान झालें. ज्या जिल्ह्यांत गाईचा प्रश्न अशा माणसांनीं आयुष्याचें अखेरचें काम म्हणून हातीं घेतला, त्या जिल्ह्यांतील विद्यार्थ्यास ‘ढोरांचा डॉक्टर’ या शब्दाची लाज वाटावी, हें आश्चर्य आहे.

त्याच सुमारास शास्त्रानेंहि या देशांत पाऊल टाकलें. १९३९ सालीं म्हैसूरच्या राजवाड्याच्या दुग्धशाळेंत संपत्कुमारन् यांनीं भारतांतील पहिलें कृत्रिम रेतन यशस्वी केलें. १९४२ पासून इज्जतनगरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेंत भट्टाचार्य यांनीं त्याचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला. महाराष्ट्रांत हें काम खेडोपाडीं नेण्याचें श्रेय मुख्यतः मणिभाई देसाई यांजकडे जातें. गांधीजींनीं १९४६ सालीं पुण्याजवळील उरुळीकांचन येथें निसर्गोपचाराचें केंद्र काढलें, तेथें राहिलेला हा तरुण कार्यकर्ता. त्यांनीं १९६७ सालीं ‘बाएफ’ ही संस्था स्थापून गोठित रेताची नळी शेतकऱ्याच्या दारापर्यंत पोंचविली. गाय घेऊन दवाखान्यांत जावयाचें नाहीं; दवाखानाच गाईकडे यावयाचा, ही त्यांची मुख्य कल्पना होती. १९८२ सालीं त्यांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

ज्यांनीं हें काम जवळून पाहिलें नाहीं, त्यांस तें केवळ यांत्रिक वाटतें. वस्तुतः तें फार जबाबदारीचें आहे. पाव मिलिलिटरच्या बारीक नळींत सुमारें दोन कोटि शुक्रजंतु असतात. ती नळी उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नत्रांत बुडवून ठेवावी लागते. पात्रांतील नत्र आटलें कीं वरून सर्व ठीक दिसतें, परंतु आंत कांहीं जिवंत उरत नाहीं. गाय एकवीस दिवसांनीं माजावर येते आणि माज एक दिवस, फार तर त्याहून थोडा अधिक टिकतो. सकाळीं माज दिसला तर संध्याकाळीं, संध्याकाळीं दिसला तर दुसऱ्या सकाळीं भरवावी, असा नियम आहे. तो माज ओळखते कोण? बहुधा घरांतील बाई. गाय हंबरते, वैरण टाकते, सोट दिसतो. हें पहाटे झाडलोट करतांना तिच्याच दृष्टीस पडतें. तिनें वेळेवर सांगितलें नाहीं, किंवा तिचें कोणीं ऐकलें नाहीं, तर परदेशांतील उत्तमोत्तम वळूचें रेतहि फुकट जातें, गाय उलटते, आणि घरचें दूध एकवीस दिवस पुढें ढकललें जातें. गरीब घरास हे एकवीस दिवस लहान नसतात.

मात्र या विद्येनें आपल्याकडे कांहीं गमावलेंहि आहे. दूध वाढलें पाहिजे म्हणून होल्स्टीन व जर्सी वळूंचें रेत गांवोगांव आलें, आणि दूध खरोखरच वाढलें. तें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु कोणत्या गाईस काय भरावयाचें हा विवेक सर्वत्र राहिला नाहीं. बैलाची जागा यंत्रानें घेतली, रान राखीव होऊन चराई आखडली, आणि गवळाऊसारखी शेंकडों वर्षें निवडून घडविलेली जात विरळ होत गेली. वर्धेकरांस यासारखी एक जुनी गोष्ट आठवेल. हिंगणघाटचा बणी कापूस एके काळीं लांब व तलम धाग्यासाठीं परदेशांत नांवाजला होता. पुढें अधिक उतारा देणाऱ्या जाड्याभरड्या जातींनीं त्यास हुसकून लाविलें, आणि नांव राहिलें पण वाण गेलें. शेतकऱ्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्यास पदरांत काय पडतें तें पाहावेंच लागतें. दोष आहे तो वाण राखण्याचें काम कोणाचें, हें वेळीं न ठरविणाऱ्यांचा. आतां मात्र ज्या गोठित रेतानें गवळाऊ मागें पडली, त्याच गोठित रेतानें व भ्रूणप्रत्यारोपणानें ती राखतांहि येईल. हत्यार तेंच आहे, धरणारा हात कोणाचा एवढाच प्रश्न.

येथून आपण प्रयोगशाळेच्या दाराशीं येतों. मानवी वंध्यत्वावर उपाय शोधणारांत आपल्याकडील एक मोठें नांव म्हणजे गोमंतकांतील शिरोडें येथें जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांसाठीं गर्भाशयाच्या मुखास टांका घालण्याची त्यांची पद्धत १९५५ सालीं प्रसिद्ध झाली व त्यांच्याच नांवानें जगभर ओळखली गेली. गर्भनलिका मोकळ्या करण्याच्या शस्त्रक्रियेंतहि त्यांचा हात कुशल होता. पण ज्या नलिका मुळींच मोकळ्या होण्यासारख्या नव्हत्या, तेथें शस्त्रवैद्याचा उपाय संपला. त्यापुढील पाऊल पडलें तें शस्त्रवैद्याचें नव्हे.

तें पाऊल रॉबर्ट एडवर्ड्स यांचें होय. हे गृहस्थ विद्यार्थीदशेंत प्रथम शेतकीच्या अभ्यासास गेले, मग प्राणिशास्त्राकडे वळले, आणि पुढें एडिंबरो येथील पशु-आनुवंशिकीच्या संस्थेंत त्यांनीं उंदरांवर संशोधन केलें. सशाच्या बीजाचा शरीराबाहेर संयोग घडवून १९५९ सालीं चँग यांनीं त्यापासून जिवंत पिलें मिळविलीं होतीं. तीच वाट धरून एडवर्ड्स मानवी बीजाकडे आले. शस्त्रवैद्य पॅट्रिक स्टेप्टो आणि परिचारिकेची विद्या घेतलेल्या जीन पर्डी यांच्या साह्यानें १९७८ च्या जुलैच्या २५ तारखेस इंग्लंडांत पहिली ‘टेस्ट ट्यूब बेबी’ जन्मास आली. विभागूं लागलेला तो भ्रूण सूक्ष्मदर्शकाखालीं प्रथम पाहिला तो पर्डीबाईंनीं. तरीहि त्यांचें नांव स्मारकाच्या फलकावर कोरलें जाण्यास अनेक वर्षें लागलीं, आणि २०१० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें तेव्हां त्या व स्टेप्टो हयात नव्हते. भ्रूणशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या आजच्या विद्यार्थिनींनीं आपल्या या आद्य भगिनीचें नांव लक्षांत ठेवावें.

या घटनेस तीन महिने होतात न होतात तोंच, ३ ऑक्टोबर १९७८ रोजीं, कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांनीं तसेंच एक बालक जन्मलें. त्यांची रीत इंग्लंडांतल्याहून निराळी होती. औषधें देऊन एकाहून अधिक बीजें पक्व करावयाचीं, आणि भ्रूण कांहीं दिवस गोठवून ठेवून अनुकूल वेळीं गर्भाशयांत सोडावयाचा, ही त्यांची पद्धति पुढें सर्वत्र रूढ झाली. गोठविण्याच्या कामीं त्यांचे सहकारी सुनीत मुखर्जी हे होते. तेहि वैद्य नव्हेत, अन्नप्रक्रियेच्या शास्त्रांतले. परंतु सरकारनें नेमलेल्या समितीनें डॉ. मुखर्जींचें म्हणणें खोटें ठरविलें. त्यांस परदेशांत जाऊन आपलें काम मांडूं दिलें नाहीं. अखेर नेत्ररोगाच्या संस्थेंत त्यांची बदली झाली, आणि १९ जून १९८१ रोजीं त्यांनीं आत्महत्या केली. आपल्या देशाच्या शास्त्रीय इतिहासांतील हें एक काळेंकुट्ट पान आहे.

त्या पानाची पुढची बाजू मात्र उजळ आहे, आणि ती मुंबईंत लिहिली गेली. परळ भागांत तीन संस्था हांकेच्या अंतरावर आहेत: १८८६ सालीं निघालेलें मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय, १९२६ सालीं सुरू झालेलें के. ई. एम्. रुग्णालय, आणि प्रजननविषयक संशोधनाची केंद्रीय संस्था. गोठा, रुग्णालय आणि प्रयोगशाळा यांची ही शेजारपण करणारी त्रयी आमच्या विषयाचें जणूं चित्रच होय. ६ ऑगस्ट १९८६ रोजीं या रुग्णालयांत डॉ. इंदिरा हिंदुजा आणि संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या सहकार्यानें एका बालिकेचा जन्म झाला, आणि ती भारतांतील पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून जाहीर झाली. त्यांतील आनंदकुमार हेहि मूळचे माकडांच्या प्रजननक्रियेचे अभ्यासक. अकरा वर्षांनीं कलकत्त्याचीं जुनीं टिपणें त्यांच्या हातीं आलीं. तीं त्यांनीं बारकाईनें वाचलीं, आणि १९९७ सालीं लेख लिहून जाहीर केलें कीं, पहिलेपणाचा मान आपला नव्हे, डॉ. मुखर्जींचा आहे. स्वतःच्या मस्तकावरील मुकुट स्वतःच्या हातानें उतरवून मृताच्या मस्तकीं ठेवणारा असा शास्त्रज्ञ विरळा. तंत्र शिकविणारे गुरु पुष्कळ मिळतील. हा धडा कोणत्याहि अभ्यासक्रमांत नसतो.

गोठ्यानें दिलें आणि प्रयोगशाळेनें घेतलें, असें एकतर्फी चित्र काढणेंहि बरोबर होणार नाहीं. शरीराबाहेरील फलनांत मनुष्यानें गाईस मागें टाकलें. या रीतीचें पहिलें वासरूं अमेरिकेंत १९८१ सालीं जन्मलें, म्हणजे मानवी बालकानंतर तीन वर्षांनीं. मनुष्यांत सिद्ध झालेली कला अशी गोठ्यास परत मिळाली. १९९० सालीं कर्नाळच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेंत म्हशीचें ‘प्रथम’ नांवाचें पारडूं याच मार्गानें जन्मास आलें, आणि २००९ सालीं तेथेंच प्रतिकृति-पद्धतीनें ‘गरिमा’ नांवाची पारडी जन्मली. उलटपक्षीं १९८४ सालीं ऑस्ट्रेलियांत गोठविलेल्या भ्रूणापासून पहिलें मानवी मूल झालें, त्या कामांतील ट्राउन्सन हे मूळचे मेंढ्यांचे अभ्यासक होते. दोन्ही घरांमध्यें अशी वाटी सदैव फिरती राहिली आहे. वाटी रिकामी परत पाठवूं नये हा आपल्याकडील शेजारधर्म या दोन शास्त्रांनीं चांगला पाळला आहे.

असें असलें तरी दोन्ही घरें एक नव्हेत, आणि येथेंच विद्यार्थ्याच्या विवेकाची खरी परीक्षा आहे. एक उदाहरण पुरे. नर व मादी शुक्रजंतु वेगळे करून केवळ कालवडीच जन्मतील अशी व्यवस्था आतां करतां येते. गाईंच्या बाबतींत सरकार अशा रेतमात्रांस उत्तेजन देतें. कारण औत गेल्यावर गोऱ्ह्यास कोणी विचारीत नाहीं, आणि सोडलेले गोऱ्हे पिकांत शिरतात. तीच गोष्ट मनुष्याच्या बाबतींत केली तर ती अपराध ठरते. गर्भलिंगचाचणीस आळा घालणारा पहिला कायदा १९८८ सालीं आपल्या महाराष्ट्रानें केला. १९९४ सालीं देशासाठीं तसा कायदा संमत झाला, आणि पुढें गर्भधारणेपूर्वींच्या निवडीसहि त्यांत बंदी आली. तंत्र एकच, सूक्ष्मदर्शक एकच, कदाचित् एकाच वर्गांत शिकलेले दोघे विद्यार्थी; परंतु एका दारांत तें विकासकार्य आणि दुसऱ्या दारांत तो गुन्हा. कां? कारण गाईच्या वासराचें मोल दुधावर ठरविण्यास आपण आपल्याशीं कबूल झालों आहों. मुलीचें मोल कशावरहि ठरविण्यास आपण कबूल होतां कामा नये. हा भेद प्रयोगशाळेंतील कोणतेंहि यंत्र दाखवीत नाहीं. तो मनांत घेऊनच आंत जावें लागतें.

दुसरा भेद संमतीचा. गाईस कोणी विचारीत नाहीं. पण स्त्रीस तरी आपण विचारतों काय? मूल होत नाहीं म्हटल्यावर दोष आधीं सुनेच्या माथीं येतो, उपासतापास तिनें करावयाचे, टोचून घ्यावयाचें तिनें. आणि नवऱ्याची तपासणी, जी सर्वांत सोपी व स्वस्त, ती सर्वांत शेवटीं होते. ‘वांझ’ हा शब्द आपल्या भाषेंत आहे, त्याच्या तोडीचा पुरुषवाचक शब्द घरांत कोणी उच्चारीत नाहीं. गोठ्यांत मात्र याउलट! तेथें गाईमागून गाई उलटूं लागल्या कीं शेतकरी प्रथम वळूकडे पाहतो. या एका बाबतींत तरी शहाणपणाचा धडा घरानें गोठ्यापासून घेण्यास हरकत नसावी. २०२१ सालीं संमत होऊन २०२२ च्या जानेवारीपासून अमलांत आलेल्या कायद्यानें या उपचारांच्या केंद्रांस नोंदणी आवश्यक केली आहे, भ्रूणतज्ज्ञाची पात्रता बांधून दिली आहे, आणि लेखी संमतीवांचून पाऊल टाकण्यास मनाई केली आहे. परंतु कागदावर सही घेणें आणि समजावून सांगणें या दोन गोष्टी आहेत. सासू व नवरा यांच्यामध्यें बसलेली, शेतावरून थेट आलेली बाई ‘होय’ म्हणते तेव्हां तें कोणाचें ‘होय’ आहे, हें ओळखणें औषधाच्या मात्रेइतकेंच महत्त्वाचें आहे. गांवाकडून आलेला विद्यार्थी तें अधिक लवकर ओळखील, कारण ती बोली आणि ती चूप त्याच्या ओळखीची असते. उपचार महाग असतात आणि अनेकदां निष्फळ होतात. त्यासाठीं एखाद्या घराची एकरभर काळी जमीन गहाण पडणार असेल, तर आशेचें प्रमाण खरेंखरें सांगणें हेंहि त्याचें कर्तव्य आहे.

पोल्ज व त्यांच्या सोबत्यांची बाटलीची कथा वर सांगितली. त्या वेळीं चिठ्ठी चुकली आणि जगाचें कल्याण झालें. तशी चूक आतां कोणासहि परवडणारी नाहीं. आज त्या नळीवरच्या नांवांत एका वळूची वंशावळ असते, किंवा एका कुटुंबाचें गोत असतें. आणि तेथें अदलाबदल झाली तर ती भरून काढण्याचें सामर्थ्य कोणत्याहि शास्त्रांत नाहीं. म्हणून या धंद्यांतील सर्वांत थोर गुण कोणता असें आम्हांस विचारल्यास आम्ही बुद्धि म्हणणार नाहीं, हस्तकौशल्यहि म्हणणार नाहीं. नळीवरील नांव लावतांना तें दोनदां वाचून पाहण्याची संवय, हा तो गुण होय. त्यांतच प्रामाणिकपणा आला, दुसऱ्याच्या घराविषयींची कळकळ आली, आणि आपण कोणाच्या वतीनें हें काम करीत आहों याची जाणीवहि आली.

हिंगणीसारख्या गांवांतून जी मुलें व मुली या दोहोंपैकीं कोणत्याहि वाटेनें जातील, त्यांस आमचें सांगणें एवढेंच आहे कीं, आपण वरच्या वाटेनें चाललों कीं खालच्या, याचा हिशेब त्यांनीं गांवाच्या बोलण्यावरून करूं नये. गाईचे दिवस आणि स्त्रीचे दिवस जवळजवळ सारखेच, नऊ महिने आणि थोडे वर. तेवढे दिवस दोन्ही घरीं सारख्याच काळजीनें मोजले जातात. एखाद्या घरीं गाभण गाय वेळेवर व्याली आणि चिकाचा खरवस शेजारींपाजारीं वांटला गेला, एखाद्या घरीं बारा वर्षांनीं बारसें झालें, तर त्या दोन्ही आनंदांमागें कोणाचा तरी अभ्यास असतो, कोणाची तरी जागलेली रात्र असते. त्या अभ्यासाची परंपरा स्पालांझानीच्या कुत्रीपासून हीपच्या सशिणीपर्यंत, आणि कलकत्त्याच्या त्या उपेक्षित वैद्यापासून आर्वीकडील निनांवी गवळ्यापर्यंत पसरलेली आहे. ती ज्यास ठाऊक आहे, त्यास आपल्या कामाची लाज वाटणार नाहीं आणि गर्वहि होणार नाहीं. आणि या दोहोंपासून सुटलेला विद्यार्थी आपल्या जिल्ह्यास हवा आहे.